जाळीमागची चीर

"मिस्त्री, विंचला बी लावा की कुंकू. त्यो काय परका हाय?" शालनवहिनी म्हणाली आणि अंगणात जमलेली मंडळी हसली.

खंडेनवमीची सकाळ होती. वर्कशॉपात भिंतीशी पाटावर लाल फडकं अंथरून माझे हातोडे, पाने, ग्राइंडर, वेल्डिंगचा होल्डर, साखळ्या असं सगळं पूजेला मांडलं होतं. त्या दिवशी आमच्याकडे हत्याराला कुणी हात लावत नाही. दसऱ्याला उत्तरपूजा झाली की मगच उचलायची. बाहेर अंगणात शालनवहिनीचा मिनी ट्रॅक्टर धुऊनपुसून उभा होता. त्याच्या तोंडावर मी तीन आठवडे खपून बसवलेली पाइपांची जाळी होती आणि जाळीच्या मागं, खालच्या अंगाला विंच, म्हणजे तारेचा दोर गुंडाळून वजन ओढणारं मोटरचं रहाट.

आजऱ्याच्या पुढं आमचा सगळा मुलूख चढउताराचा. काजूच्या बागा उतारावर, आणि बागांच्या कडेनं घाणेरीची आणि करवंदीची ही एवढी रानं. मिनी ट्रॅक्टर बागेत घातला की पहिली काडी रेडिएटरात घुसते. शालनवहिनीचा नवरा मिलिटरीत. आठ एकरांची बाग ती एकटी बघायची. तिनं ट्रॅक्टर घेतला तेव्हा गावातले बापे पारावर बसून हसले होते. भाद्रपदात ती फुटका रेडिएटर घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मिस्त्री, पुढं जाळी बसवा. आणि जीपला असतोय तसला विंच बी बसवा. तोडलेली लाकडं वर ओढायला बरं. आणि चढाला चाकं फिरायला लागली, की झाडाला दोर बांधून ट्रॅक्टरच वर ओढता येईल."

एवढ्याशा ट्रॅक्टरला विंच मी कधी बसवला नव्हता. जिल्ह्यातही कुणी बसवल्याचं ऐकलं नव्हतं. पण "जमणार नाही" हे शब्द माझ्या तोंडाला कधी आलेच नाहीत. मी म्हणालो, "त्यात काय!"

त्यात काय, ते पुढं कळलंच.

मिनी ट्रॅक्टरच्या अगदी पुढं, ज्यात पुढच्या चाकांचा आस बसतो, तो एक मोठा बीडाचा ठोकळा असतो. बीड म्हणजे ओतीव लोखंड. वरून वजन टाका, जन्मभर सोसेल. पण त्याला नुसतं एकाच जागी तापवलं की ते आतल्या आत तडकतं. कोल्हापुरात फौंड्रीत मी ज्यांच्या हाताखाली शिकलो त्या बाबालाल उस्तादांनी मला पहिल्या महिन्यात हेच शिकवलं होतं. बीड जोडायचं तर अख्खा तुकडा कोळशात तापवायचा, वेगळा रॉड वापरायचा आणि मग राखेत पुरून रात्रभर थंड करायचा. नाहीतर सरळ बोल्ट मारायचे आणि गप्प बसायचं.

विंचच्या प्लेटचे वरचे दोन बोल्ट बसले. खालची दोन भोकं जुळेनात. बीडात नवी भोकं पाडताना ड्रिलचं पातं मोडलं, नवं आणायला गडहिंग्लजला जायला हवं होतं. आणि खंडेनवमीला आप्पासो देसाई पाच-सहा बागायतदारांना घेऊन माझं काम बघायला येणार होते. मी काय केलं? खालच्या दोन कोपऱ्यांना साधा रॉड घेऊन वेल्डिंगचे दोन टाके ओढले, वर काळा रंग मारला आणि लांब उभं राहून बघितलं. दिसायला असं देखणं झालं होतं, की मीच माझ्यावर खूश झालो.

तर मी कुंकवात बोटं बुडवली. कुंकू जरा पातळच कालवलं होतं. जाळीतून हात आत घालून विंचला पाच बोटं ओढली, आणि त्यातलं पाणी ओघळून खाली बीडावर आलं. मी खांद्यावरच्या तेलकट फडक्यानं पुसलं. सगळं पुसलं गेलं, फक्त एक रेघ राहिली. केसाएवढी बारीक, लालभडक. माझ्या टाक्याच्या कोपऱ्यापासून निघून वरच्या बोल्टच्या भोकापर्यंत, चार बोटं लांब.

मी पुन्हा पुसलं. ती तिथंच होती.

"काय तातू, हात थरथरतोय का कौतुकानं?" मागून आप्पासो म्हणाले. माझं नाव तातोबा लोहार, पण सगळे तातू मिस्त्रीच म्हणतात. आप्पासोंच्या चाळीस एकर बागा. गावात त्यांचा शब्द चालतो. "हे बघा मंडळी. दोन टनांचा विंच हाय ह्यो. माझ्या दोन्ही ट्रॅक्टरना असंच पायजे तातू, दिवाळीच्या आत. आणि ह्यांचं सगळ्यांचं धरून सात झालं. लिहून घे."

"घेतो की," मी म्हणालो.

माझी बायको हौसा झेंडूच्या माळा घेऊन आली. मी तिच्या हातातली एक माळ घेतली, जाळीला बांधली आणि जरा खाली सरकवली. नेमकी त्या रेघेवर आली. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, हौसालासुद्धा. माळ सरकवताना माझा हात बिलकुल थरथरत नव्हता.

शालनवहिनी निघाली तेव्हा मी ट्रॅक्टरजवळ गेलो.

"वहिनी, परवा सकाळी एकदा घेऊन या. बोल्ट आवळून देतो."

"आताच आवळा की. हाय न्हवं ट्रॅक्टर हितंच."

"आज कसं? हत्यारं पूजेला मांडल्यात."

तिनं माझ्याकडे बघितलं. "म्हंजे काय धोका-बिका हाय?"

"छ्या! धोका कसला?" मी हसलो. "नवीन काम हाय, एकदा बघून घ्यावं लागतंय. एवढंच."

ती निघून गेली. मी मनाशी हिशेब केला. आज सण, उद्या दसरा, दोन दिवस कोण लाकडं ओढतंय? परवा आणलं की गुपचूप सगळं काढायचं, नीट बोल्टनं बसवायचं. कुणाला कळायचंही नाही. पुरणाच्या चार पोळ्या खाल्ल्या आणि आडवा झालो.

साडेतीनला आप्पासोंचा फोन आला. ते बोलत नव्हते, ओरडत होते.

"तातू! अरं, तुझ्या विंचनं कमाल केली! देवीच्या घाटात ये लवकर. जोती पोवारची जीप घसरली कडेवरनं. दौलू गुरव आत अडकलाय, पाय सीटखाली गावलाय म्हाताऱ्याचा. शालन ट्रॅक्टर घेऊन तिथनंच चालली हुती. विंचनं जीप धरलीया बघ! अख्खी जीप!"

"ओढू नका," मी म्हणालो. "आप्पा, ओढू नका, मी आलोच."

"काय?"

"ओढू नका!"

पण पलीकडे एवढा गलका होता, की त्यांनी काय ऐकलं कोण जाणे. फोन बंद झाला.

जेसीबी बोलवावा म्हटलं, तर त्या दिवशी तालुक्यातले सगळे जेसीबी हार घालून दारात उभे होते आणि त्यांचे ड्रायव्हर आपापल्या गावाला. मी धावत आत गेलो. पाटावरून दहा फुटी साखळी उचलली. तारेच्या दोराला पकड घालायच्या तीन लोखंडी क्लिपा आणि सतरा नंबरचा पाना घेतला. फुलं खाली सांडली, हळदीची वाटी लवंडली.

"आवं, हे काय? उत्तरपूजा व्हायची हाय अजून!" हौसा ओरडली.

"होऊ दे."

"काय झालं तरी काय?"

मी सगळं एका पोत्यात कोंबलं. पोतं मोटरसायकलला बांधलं आणि निघालो. सकाळी त्याच पाटावरचा पाना उचलायला माझ्या हाताला लकवा भरला होता. आता चार मैल मी तेच घोकत चाललो होतो आणि स्वतःला अशा शिव्या घालत होतो, की त्या इथं लिहिता येणार नाहीत.

घाटाच्या तिसऱ्या वळणावर पंचवीस-तीस माणसं जमली होती. पावसानं रस्त्याची कड पोखरली होती, तिथूनच जीप गेली होती. खाली दहा-बारा हातांवर तिरकी लोंबत होती, मागचं एक चाक हवेत, आणि तिच्या खाली सरळ ओढा. रस्त्यावर आडवा, दरीकडे तोंड करून शालनवहिनीचा ट्रॅक्टर. चाकांपुढं दगड लावलेले, इंजिन चालू. ती सीटवर बसून दोन्ही पाय ब्रेकवर दाबून होती. एका हातात विंचचा रिमोट. आणि विंचमधून निघालेला तारेचा दोर सुतासारखा ताणून खाली गेलेला.

दरीतून दौलू गुरवाचा आवाज येत होता. सत्तरी ओलांडलेला माणूस, देवीचा मुखवटा चकाकी द्यायला नेला होता तो घेऊन येत होता. "अरं, कुणीतरी निदान पेटी तरी वर घ्या! मुखवटा हाय आत. माझं बघू मागनं!"

"मामा, हलू नगा!" जोती पोवार कडेवरून ओरडत होता. जीप त्याचीच आणि चालवतही तोच होता. घसरताना तो बाहेर फेकला गेला होता. कपाळावरून रक्त ओघळत होतं आणि त्याला त्याचं भानही नव्हतं.

"आला, मिस्त्री आला!" आप्पासोंनी माझ्या खांद्यावर थाप मारली. "आता ओढायला लाव तिला. मघापासनं सांगतोय, तर म्हणती, मिस्त्री येऊ द्या. बाईमाणूस शेवटी, घाबरतंय!"

"ओढायचं न्हाई, आप्पा."

"का? दोन टनांचा हाय न्हवं ह्यो?"

"जीपला हिसका बसंल. आधी साखळी लावतो झाडाला."

"कशाला साखळी? एवढा भारी विंच असताना? आपल्याच कामावर इस्वास न्हाई व्हय रं तुझा?"

लोक हसले. मी ट्रॅक्टरपुढं जाऊन गुडघ्यावर बसलो. झेंडूची माळ अजून तिथंच होती. ती मी ओढून काढली.

सकाळी केसाएवढी होती ती रेघ आता सुतळीएवढी झाली होती. दौलूमामा जरा हलले की जीप हलायची, दोर कुरकुरायचा आणि ती फट उघडायची. पुन्हा मिटायची. पुन्हा उघडायची. श्वास घेतल्यासारखी. खालच्या डाव्या कोपऱ्यातला माझा टाका तर बीडाचा पापुद्रा घेऊन कधीच सुटला होता.

ते बीड फुटलं असतं तर विंच दोरासकट जीपमागं दरीत गेला असता. आणि ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांचा आस त्याच बीडात होता. चाकं निखळली असती तर ट्रॅक्टर तोंडावर आपटला असता, आणि दरीची कड तिथून चार हातांवर. एका टोकाला दौलूमामा, दुसऱ्या टोकाला शालनवहिनी आणि मध्ये माझे दोन देखणे टाके.

मी उठून तिच्याजवळ गेलो. अगदी हळू बोललो.

"वहिनी, बीड तडकलंय."

"कुठलं?"

"विंच ज्याला बसवलाय ते. किती दम धरंल सांगता येत न्हाई. तुमी उतरा, मी बसतो ब्रेकवर."

"मी पाय काढला, तर तुमी पाय ठेवंस्तोवर ट्रॅक्टर हातभर सरकंल." ती दरीकडेच बघत होती. "मामांचं काय हुईल?"

तिचं खरं होतं.

"कवा तडकलं?" तिनं विचारलं.

तिथं मला खोटं बोलता आलं असतं. आत्ताच तडकलं, वजनानं. बस्स, एवढं म्हटलं असतं तर संपलं असतं. पण तिच्या पिंडऱ्या थरथरताना मला दिसत होत्या. किती वेळ ती ब्रेक दाबून बसली होती कुणास ठाऊक.

"सकाळी बघितलं हुतं मी. कुंकू लावताना."

आता तिनं माझ्याकडे बघितलं. "मी इचारलं हुतं तुमास्नी. धोका हाय का म्हणून."

"हत्यारं पूजेला मांडलेली, वहिनी. मला वाटलं, परवा..."

"आणि जीभ? ती बी मांडली हुती काय पूजेला?"

आजवर मला पुष्कळ माणसं बोलली आहेत. उस्तादांनी तर लोखंडाचा गज फेकून मारला होता. पण असं मला कुणीही बोललं नाही.

"काय करायचं ते करा जावा लवकर," ती म्हणाली. "मी हाय हितं."

ट्रॅक्टरच्या डाव्या अंगाला, अगदी कडेवर एक जुनं जांभळीचं झाड होतं. त्याच्या बुंध्याला साखळीचा वेढा घातला. साखळीचं दुसरं टोक ताणलेल्या दोराला क्लिपांनी पकडायचं होतं, म्हणजे विंच निखळला तरी वजन झाडावर आलं असतं. त्यासाठी मला ट्रॅक्टर आणि कड यांच्या मधल्या चार हातांत उताणं पडावं लागलं. दोर छातीवर वीतभर अंतरावर होता. डोक्याच्या वर जाळी, जाळीमागं विंच. विंच निसटला असता तर सगळ्यात आधी माझ्या तोंडावरून गेला असता. भीती वाटली का? वाटली. पुरणाच्या पोळ्या वर येत होत्या.

पहिली क्लिप बसली. दुसरी क्लिप. हात घामानं ओले, पाना निसटत होता. प्रत्येक आट्याला दोर थरारायचा आणि माझ्या कानाशी बीड बारीक कुरकुरायचं.

"तातू, अरं किती येळ?" आप्पासो वरून म्हणाले. "शालन, दाब की बटण! एका झटक्यात वर येतीय जीप!"

"आप्पा, तुमी जरा मागं व्हा," शालनवहिनी म्हणाली. आवाज चढवला नव्हता, पण आप्पासो मागं झाले.

तिसरी क्लिप दोरावर चढवली आणि नट धरला, तेवढ्यात दौलूमामांना शिंक आली. एवढ्या मोठ्या प्रकारात कारण काय, तर शिंक! जीप हलली. डोक्याशी असा आवाज झाला, की जणू कुणी दगडावर घण घातलाय. बीडाचा वरवंट्याएवढा तुकडा माझ्या कानाजवळ पडला. विंच डाव्या बाजूनं खाली लोंबला, जाळी माझ्या कपाळाला येऊन टेकली. ट्रॅक्टरचं तोंड वीतभर खाली बसलं. दोर सैल झाला, जीप हातभर खाली गेली, वरची माणसं एकदम ओरडली आणि साखळी खाडकन ताणली.

जांभळ गदगदलं. पिकली पानं सगळ्यांच्या अंगावर पडली.

जीप थांबली होती.

"मामा?" जोतीनं हाक मारली.

"हाय," खालून उत्तर आलं. "पेटी बी हाय."

पुढचं भराभर झालं. झाडाला दुसरा दोर बांधून जोती खाली उतरला, माझा पाना नेऊन त्यानं सीटचे बोल्ट काढले, मामांचा पाय मोकळा केला. घोटा सुजून भोपळा झाला होता, पण मोडला नव्हता. चौघांनी त्यांना वर घेतलं. पेटी त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही. शालनवहिनीला सीटवरून दोन बायकांनी उतरवलं. तिचे पाय इतके आखडले होते, की तिला उभं राहता येईना. ती रस्त्यातच बसली.

आणि मग सगळे माझ्याभोवती जमले.

"काय विंच हाय!" आप्पासो तुटक्या बीडाकडे बोट दाखवत म्हणाले. "बघा मंडळी. बीड फुटलं वजनानं, पर तवर जीप धरून ठेवली का न्हाई? आणि ह्या पठ्ठ्याचं डोकं बघा. सण असून साखळी घेऊन आला. तातू, माझं दोन पक्कं. नव्हं, चार."

"माझा बी एक," कुणीतरी म्हणालं. दौलूमामांनी बसल्या जागेवरून हात जोडले. सत्तरीपलीकडचा माणूस, देवीचा गुरव, मला हात जोडत होता.

मी शालनवहिनीकडे बघितलं. ती पाणी पीत होती. आता ती बोलेल असं मला वाटलं. बोलावं असंही वाटलं, कारण मग मला बोलायला लागलं नसतं. ती बोलली नाही. तांब्या खाली ठेवला, पदरानं तोंड पुसलं आणि पिंडऱ्या चोळत बसली. तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती सांगणार नव्हती. आज नाही आणि पुढंही नाही. ते तिनं माझ्यावर सोडून दिलं होतं.

खरं सांगतो, मी आधी हिशेब केला. सात ट्रॅक्टर, आता दहा. नाव तालुकाभर झालं असतं.

"मामा, हात खाली घ्या," मी म्हणालो. "बीड वजनानं न्हाई फुटलं. मी त्याला वेल्डिंग मारलं हुतं, मारायचं नसतंय ते ठाऊक असून. सकाळी चीर बघितली मी. वर माळ घातली. वहिनींनी इचारलं तर हसून घालवलं."

आप्पासोंच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं होतं, त्याचं काय करावं त्यांना कळेना.

जोती पोवार पुढं आला आणि त्यानं माझ्या कानाखाली आवाज काढला. असा, की मी दोन पावलं मागं गेलो.

"अजून एक दे," दौलूमामा म्हणाले. "माझ्या वाटणीचा. मला उठता येत न्हाई." त्यांचे हात मात्र आता पेटीवर होते.

जोतीनं दिला. मी घेतला. बरं वाटलं असं म्हणणार नाही, पण हक्काचा होता.

आप्पासोंनी टोपी सारखी केली आणि गाडीकडे निघाले. बाकीचे त्यांच्यामागं. त्यांनी पुन्हा माझ्याकडे साधं कुदळीचं पातंसुद्धा दिलं नाही. पंधरा वर्षं झाली, अजून नाही.

शालनवहिनी उठली. लंगडत ट्रॅक्टरजवळ आली, जाळीच्या लोंबत्या पाइपावर हात ठेवला.

"परवा ट्रॅक्टर ओढून आणते," ती म्हणाली. "आता नीट बसवा. बसवंस्तोवर मी तितनं हलणार न्हाई."

ती खरंच आली. ट्रॅक्टर दुसऱ्या ट्रॅक्टरला बांधून आणला. कोल्हापूरहून नवा बीडाचा ठोकळा मी माझ्या पदरचा आणला. ह्या खेपेला वेल्डिंगचा होल्डर बाहेरसुद्धा काढला नाही. बीडात नीट भोकं पाडून चारही बोल्ट आरपार नेले, दोन्ही अंगांनी जाड पट्ट्या मागं क्लचच्या लोखंडी कवचापर्यंत नेऊन तिथं आवळल्या. दोन दिवस लागले. दोन्ही दिवस ती स्टुलावर बसून होती. हौसानं चहा दिला की घ्यायची, बाकी एक शब्द नाही. मी बोल्ट आवळला की ती उठायची आणि स्वतः पान्यानं ओढून बघायची.

काम झालं तेव्हा मी म्हणालो, "आता पाच टनबी धरंल, वहिनी."

"चला," ती म्हणाली.

"कुठं?"

"बागंत."

तिची बाग म्हणजे उभा उतार, खाली करवंदीच्या जाळ्या आणि त्यांच्याखाली मोकळा कडा. तिनं ट्रॅक्टर उताराच्या मधोमध नेला, तोंड वर करून. विंचचा दोर सोडत वर गेली आणि फणसाच्या बुंध्याला वेढा घालून हुक अडकवला. मग रिमोटचं बटण दाबून दोर ताणला. खाली उतरून आली आणि मला म्हणाली, "बसा."

मी सीटवर बसलो. पाय ब्रेकवर ठेवले. मागं वळून बघितलं. उतार कुठं संपत होता ते दिसत नव्हतं.

"गिअर काढा."

काढला.

"आता ब्रेक सोडा."

"वहिनी, किती वेळ?"

"दौलूमामा पाऊण तास बसलं हुतं," ती म्हणाली. रिमोट सीटच्या बाजूला अडकवला आणि चार पावलं लांब जाऊन काजूच्या सावलीत बसली, माझ्याकडे तोंड करून. तिला काही घाई नव्हती.

मी ब्रेकवरचे पाय उचलले.